पेरोव्हस्काइट सेल १३ टक्क्यांवर अडकलाय? रेसिपी बदलण्याआधी हे तपासा

प्रयोगशाळेत पेरोव्हस्काइट सौर सेल बनवणाऱ्यांना ही समस्या ओळखीची आहे. आयटीओची (वीज वाहणाऱ्या पारदर्शक लेपाची) काच, तिच्यावर इलेक्ट्रॉन गोळा करणारं टिन ऑक्साइड, मग मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडचा थर (प्रकाश शोषणारा पेरोव्हस्काइट हाच), वर धन चार्ज म्हणजे होल वाहून नेणारं स्पायरो-ओमेटॅड (थोडक्यात स्पायरो) आणि शेवटी सोन्याचा इलेक्ट्रोड. मार्च-एप्रिलमध्ये याच पद्धतीने १७-१८ टक्के कार्यक्षमता मिळत होती, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला तेवढा हिस्सा विजेत बदलत होता. जून लागला, पाऊस सुरू झाला आणि सेल १२-१३ वर येऊन बसले. त्यातही एकाच बॅचमधला एक १५ दाखवतो आणि शेजारचा ८. मग रेसिपीशी खेळ सुरू होतो. कुणी म्हणतं मिथाइलअमोनियम क्लोराइड टाका, कुणी म्हणतं लेड आयोडाइड थोडं जास्त घ्या, कुणी कालच वाचलेल्या पेपरमधलं पॅसिव्हेशन (फिल्मवरचे दोष शांत करणारा पातळ थर) सुचवतं. चार गोष्टी एकदम बदलतात, आकडा १४ होतो, पुढच्या बॅचला पुन्हा ११. दोन महिन्यांनी नेमकं कशाने काय झालं, हे कुणालाच सांगता येत नाही.

मुंबई, कोकण, कोल्हापूर या पट्ट्यात उघड्या हवेत किंवा अर्धवट कोरड्या खोलीत सेल बनवणाऱ्यांना हे दर पावसाळ्यात भोगावं लागतं. माझं मत असं की मागच्या महिन्यापर्यंत चालणारी रेसिपी अचानक बिघडत नाही. दोष बहुतेक वेळा दोन जागी सापडतो: फिरत्या द्रावणावर अँटीसॉल्व्हंट (त्यातून स्फटिक झटकन बाहेर काढणारा द्रव) पडतो त्या दोन-तीन सेकंदांत, नाहीतर स्पायरोच्या ऑक्सिडेशनमध्ये. पण तिथे हात घालण्याआधी जे-व्ही वक्र (करंट आणि व्होल्टेजचा आलेख) वाचायचा, कारण खराब कोण झालंय हे तोच सांगतो.

१३ टक्के, पण कुठले?

कार्यक्षमता हा तीन आकड्यांचा गुणाकार आहे: ओपन सर्किट व्होल्टेज (करंट शून्य असतानाचं), शॉर्ट सर्किट करंट डेन्सिटी (व्होल्टेज शून्य असतानाची) आणि फिल फॅक्टर (वक्र चौकोनाच्या किती जवळ जातो ते). प्रकाश १०० मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर असेल तर गुणाकार थेट टक्क्यांतच येतो. आता हे तीन सेल बघा (करंट मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये).

पहिला: १.०८ व्होल्ट, २१.५, फिल फॅक्टर ०.५६.
दुसरा: ०.९० व्होल्ट, २१.०, फिल फॅक्टर ०.६९.
तिसरा: १.०६ व्होल्ट, १७.२, फिल फॅक्टर ०.७१.

तिघांचाही गुणाकार १३ च्या आसपास येतो, पण तिघांचे आजार वेगळे. पहिल्यात पेरोव्हस्काइट ठणठणीत आहे, चार्ज (प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणि होल) बाहेर काढण्याची वाट अडली आहे. दुसऱ्यात चार्ज बाहेर येण्याआधी आतल्या आत मरतोय (इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा एकत्र येतायत) किंवा फिल्मला भोकं आहेत. तिसऱ्याची फिल्म पातळ आहे, नाहीतर मोजण्यातच घोळ आहे. तिघांनाही सरसकट एकच पॅसिव्हेशन लावणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर.

तुलनेसाठी: या रचनेचा निरोगी सेल साधारण १.०८ ते १.१२ व्होल्ट, २२ ते २३ मिलिअँपिअर आणि ०.७५ ते ०.८० फिल फॅक्टर दाखवतो. बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) १.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरला तर सैद्धांतिक मर्यादा व्होल्टेजची सुमारे १.३ व्होल्ट आणि करंटची सुमारे २५.५ आहे. २००९ मध्ये मियासाका यांच्या गटाने पहिला पेरोव्हस्काइट सेल दाखवला तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रमाणित आकडा २६ च्या पुढे गेला आहे आणि सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवलेल्या टँडेम सेलने ३४ टक्के ओलांडले आहेत. तेव्हा १३ वर समाधान मानण्याचं कारण नाही. पण २६ ची रेसिपी उचलून १३ चा आजार बरा होईल असंही नाही.

आधी मोजमाप

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणूनच टाळला जातो. इलेक्ट्रोडचा आकार २ गुणिले ५ मिलिमीटर, म्हणजे ०.१० चौरस सेंटिमीटर असं वहीत लिहिलेलं असतं. पण सोन्याच्या बाष्पीभवनाच्या वेळी शॅडो मास्क (इलेक्ट्रोडच्या आकाराच्या खिडक्यांचा पत्रा) काचेला घट्ट टेकलेला नसेल तर सोनं कडांखाली पसरतं आणि प्रत्यक्षात इलेक्ट्रोड २.२ गुणिले ५.२ चा होतो. क्षेत्रफळ १४ टक्के वाढलं, करंटही तेवढाच फुगला. उलट पुढच्या खेपेला मास्क नीट बसला की करंट "पडला" अशी बोंब होते, आणि दोष पावसाला जातो. मोजताना सेलवर नेमक्या मापाचा काळा ॲपर्चर (खिडकीचा पत्रा) ठेवा आणि त्याचंच क्षेत्रफळ हिशोबात धरा.

सिम्युलेटरची (कृत्रिम सूर्यप्रकाशाच्या दिव्याची) तीव्रता दर वेळी रेफरन्स सेलने जुळवा. पेरोव्हस्काइटसाठी केजी-५ (इन्फ्रारेड अडवणारा) फिल्टर लावलेला सिलिकॉन सेल वापरतात, कारण उघड्या सिलिकॉनला पेरोव्हस्काइटपेक्षा बराच जास्त इन्फ्रारेड दिसतो. क्वांटम एफिशिअन्सीवरून (प्रत्येक रंगाच्या प्रकाशातले किती फोटॉन करंट देतात त्या मापावरून) काढलेला करंट आणि जे-व्हीचा करंट यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक येत असेल तर आधी तो सोडवा. बाकीचं सगळं नंतर.

स्कॅन दोन्ही दिशांनी करा. उलट स्कॅनला (व्होल्टेज उतरवत) १६ आणि सुलट स्कॅनला (चढवत) ११ येत असतील तर तुमचा सेल १६ चा नाही. आयोडाइडच्या रिक्त जागा सरकतात, इंटरफेसपाशी साचतात आणि स्कॅनच्या वेगानुसार वक्राचा आकार बदलतो. कमाल शक्तीच्या व्होल्टेजवर सेल काही मिनिटं धरून ठेवा आणि जो आकडा स्थिर होईल तोच लिहा. आणि एका अटीसाठी निदान ८-१० सेल घ्या, मध्यक बघा. "चॅम्पियन" सेलवरून निष्कर्ष काढण्याची सवय आपल्या क्षेत्राला फारच लागली आहे.

फिल फॅक्टर पडलाय: पहिल्या सेलचा आजार

वक्राचा व्होल्टेजकडचा उतार आडवा झाला असेल तर सिरीज रेझिस्टन्स वाढलाय. करंटकडचा सपाट भागच कलला असेल तर शंट आहे, म्हणजे करंटला आतल्या आत चोरवाट मिळाली आहे. आणि वक्राला इंग्रजी एस सारखा बाक आला असेल तर कुठल्यातरी इंटरफेसपाशी चार्जला अडथळा आहे.

सिरीज रेझिस्टन्सचा हिशोब हातानेच करून बघा. ०.१ चौरस सेंटिमीटरच्या सेलमधून साधारण २.२ मिलिअँपिअर जातात. वाटेत ५० ओहम असतील तर ०.११ व्होल्ट तिथेच खर्च होतात, म्हणजे १.०८ मधला दहावा हिस्सा. हे ५० ओहम बहुतेकदा सेलमध्ये नसतातच. ते असतात आयटीओवरचा थर नीट न खरवडता लावलेल्या क्लिपमध्ये, गंजलेल्या पिनमध्ये, दोन-वायरी जोडणीत. चार-वायरी पद्धतीने मोजा, आयटीओचा संपर्काचा भाग सॉल्व्हंटने पुसून त्यावर सिल्व्हर पेस्ट लावा. १ चौरस सेंटिमीटरच्या सेलवर जाताना फिल फॅक्टर हमखास घसरतो तोही याच हिशोबाने: तिथे करंट २२ मिलिअँपिअर, आणि आयटीओचे नुसते १० ओहमसुद्धा ०.२२ व्होल्ट खातात.

एस-आकार दिसला तर संशय सरळ स्पायरोवर घ्या.

स्पायरो-ओमेटॅड स्वतःहून वीज फारशी वाहत नाही. लिथियम मीठ (लिथियम-टीएफएसआय) आणि टर्ट-ब्युटाइल पिरिडिन मिसळून फिल्म केल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं अंशतः ऑक्सिडेशन व्हावं लागतं, तेव्हा कुठे होल वाहून नेण्याची क्षमता येते. इथे पावसाळा दोन्हीकडून कोंडी करतो. दमट हवेच्या भीतीने लोक सेल रात्रभर नायट्रोजनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) ठेवतात. तिथे ऑक्सिजनच नाही, मग ऑक्सिडेशन कसं होणार? सकाळी फिल फॅक्टर ०.५५ आणि वक्राला सुरेख एस. दुसरीकडे कुणी सेल टेबलावर उघडेच ठेवतं. लिथियम मीठ पाणी ओढून घेणारं असल्यामुळे थरात ओल शिरते, भोकं पडतात आणि खालचा पेरोव्हस्काइटही पिवळा पडायला लागतो.

हवा कोरडी हवी आणि ऑक्सिजनसकट हवी, इतकंच. डेसिकेटरमध्ये ताजं तापवून घेतलेलं सिलिका जेल, आत एक छोटा आर्द्रतामापक, आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली, अंधारात रात्रभर. सिलिका जेलचा रंग बघून विश्वास ठेवू नका, मापकाचा आकडा बघा. ऑक्सिडेशन झालं की नाही याची खूण रंगातच मिळते: ताजं द्रावण फिकट पिवळं असतं, ऑक्सिडाइझ होत जाईल तसं तांबूस-गुलाबी होत जातं. घाई असेल तर एफके-२०९ सारखं कोबाल्ट संयुग मिसळून ऑक्सिडेशन हवेवर न सोडता द्रावणातच करून घेता येतं. मी पावसाळ्यात तेच सुचवेन, महाग असलं तरी.

आणखी एक सोपी कसोटी: तोच सेल आणखी एक रात्र कोरड्या हवेत ठेवून पुन्हा मोजा. एस सरळ झाला तर गुन्हेगार सापडला. नाही झाला तर टिन ऑक्साइडकडे वळा. ते १५० अंशांवर अर्धा तास नीट भाजलं होतं का? यूव्ही-ओझोनने पृष्ठभाग साफ केल्यावर लगेच पेरोव्हस्काइट चढवलं, की मध्ये जेवणाची सुट्टी झाली? ओझोनने आलेला पृष्ठभागाचा द्रावण नीट पसरू देण्याचा गुण वेळ जाईल तसा ओसरतो.

व्होल्टेज पडलंय: दुसऱ्या सेलचा आजार

०.९० व्होल्ट दिसले की पहिला प्रश्न: भोक आहे की फिल्मच वाईट आहे? यासाठी महागडं यंत्र लागत नाही. न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (सगळे रंग सारखे मंद करणारी काच) लावून प्रकाश दहाव्या हिश्श्यावर आणा. निरोगी सेलचं व्होल्टेज साधारण ६० ते १२० मिलिव्होल्टने खाली येतं. त्याहून बरंच जास्त कोसळलं तर शंट आहे, म्हणजे पिनहोल, काचेवरची धूळ, किंवा आयटीओ कोरताना (एचिंग) त्याच्या कडेला राहिलेले उभे कंगोरे. तेवढंच उतरलं तर शंट नाही, चार्ज फिल्ममध्ये किंवा इंटरफेसवर मरतोय. फिल्मची स्वतःची प्रकाशदीप्ती (फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे शोषलेल्या प्रकाशातून ती परत किती चमकते) दहापट कमी झाली की व्होल्टेज सुमारे ६० मिलिव्होल्टने घटतं, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं सूत्र.

दोन्ही शक्यतांची वाट बहुधा एकाच ठिकाणी जाते: काच गरगर फिरवून थर चढवणाऱ्या स्पिन कोटरपाशी.

डीएमएफ आणि डीएमएसओ या दोन सॉल्व्हंटचं चारास एक या प्रमाणातलं द्रावण, ४००० आरपीएम. पहिले काही क्षण काचेवर पातळ, पारदर्शक पिवळा थर फिरताना दिसतो. डीएमएफ उडत जातं तसा थर पातळ होतो, आतलं द्रावण अतिसंपृक्त होत जातं. अगदी याच वेळी अँटीसॉल्व्हंट पडायला हवा, म्हणजे सगळीकडे एकदम असंख्य केंद्रकं (स्फटिकांची बीजं) तयार होतात. लवकर टाकला तर तो ओल्या द्रावणासोबत वाहून जातो. उशिरा टाकला तर स्फटिक आपल्या मर्जीने वाढायला लागलेले असतात आणि फिल्म दुधाळ होते. पाक एकतारीचा दोनतारी व्हायला जितका वेळ लागतो, त्याहून ही वेळ कमी, आणि पाकाप्रमाणेच ती घड्याळावर नाही, हवेवर ठरते.

वहीत "१० व्या सेकंदाला" लिहिलेलं असतं. ते मार्चचं. पावसाळ्यात हवेतलं पाणी फिरत्या थरात शिरतं. लेड आयोडाइड पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे केंद्रकं लवकर आणि वेडीवाकडी फुटतात. एसी बंद पडून खोली २४ ची ३० अंश झाली तर डीएमएफ लवकर उडतं. ग्लोव्हबॉक्समध्ये काम करत असाल आणि तुमच्या आधी कुणी तासभर कोटिंग केलं असेल तर आत सॉल्व्हंटची वाफ साचलेली असते आणि वेळ उलट पुढे सरकते. बॉक्स आधी पर्ज करा (ताज्या नायट्रोजनने वाफ बाहेर काढा), आणि आपलं काम झाल्यावरही करा. पुढच्या माणसाची बॅच त्यावर अवलंबून आहे.

उपाय स्वस्त आहे. साध्या काचेचे पाच तुकडे घ्या, बाकी सगळं तेच ठेवून अँटीसॉल्व्हंट ६, ८, १०, १२ आणि १४ व्या सेकंदाला टाका, १०० अंशांवर १० मिनिटं भाजा. मग प्रत्येक तुकडा तिरपा धरून त्यात छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. ट्यूबची कड चाकूने कापल्यासारखी स्वच्छ दिसली आणि फिल्म गडद तपकिरी असेल तर ती वेळ बरोबर. कड धूसर, फिल्म राखाडी किंवा मध्यापासून धूमकेतूसारख्या रेघा असतील तर ती वेळ चुकीची. तासाभराचं काम आहे, आणि दर ऋतूला, दर नव्या बाटलीला करण्यासारखं आहे.

थेंब टाकण्याचा वेगही महत्त्वाचा. क्लोरोबेन्झिन आणि इथाइल ॲसिटेट याबाबत बरेच सहनशील आहेत. टोल्यूइन आणि डायइथाइल इथर सावकाश सोडलेले बरे, आयसोप्रोपॅनॉल वापरत असाल तर झटकन. बॅचमध्ये एक सेल १५ आणि शेजारचा ८ असा प्रकार असेल आणि पिपेट दोन वेगळ्या हातांत असेल, तर आणखी शोध घेऊ नका. एकाच माणसाला कोटिंग करू द्या.

फिल्म दिसायला चांगली आणि तरी व्होल्टेज कमी, असं असेल तर एक्स-रे डिफ्रॅक्शन करा (कुठले स्फटिक आहेत ते शिखरांवरून कळतं). पेरोव्हस्काइटचं मुख्य शिखर १४.१ अंशांपाशी येतं, उरलेल्या लेड आयोडाइडचं १२.७ पाशी. ते शिखर छोटं असेल तर घाबरू नका, थोडं जास्त लेड आयोडाइड कणांच्या सीमा शांतही करतं. मोठं असेल तर तराजूकडे बघा. मिथाइलअमोनियम आयोडाइड ओल ओढतं. दमट दिवसात बाटली उघडी ठेवून वजन केलं की त्यात पाणीही मोजलं जातं, प्रत्यक्ष मीठ कमी पडतं आणि मिश्रण आपोआप लेडकडे झुकतं. तुम्ही रेसिपी बदललेली नसते. ती हवेने बदललेली असते. मीठ व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६० अंशांवर सुकवा, डीएमएसओची जुनी उघडलेली बाटली बाजूला काढा. मिथाइलअमोनियमऐवजी किंवा सोबत फॉर्मॅमिडिनियम वापरत असाल तर ११.८ अंशांपाशी पिवळ्या डेल्टा अवस्थेचं शिखर आहे का तेही बघून घ्या; ओल लागली की काळी अवस्था तिकडे घसरते. द्रावण शिळं करू नका. मिथाइलअमोनियम आणि फॉर्मॅमिडिनियम एका बाटलीत दिवसेंदिवस राहिले की एकमेकांशी अभिक्रिया करतात, आणि द्रावण पिवळ्याचं नारिंगी झालं असेल तर आयोडाइडचं आयोडीन होऊ लागलं आहे.

एवढं सगळं जागेवर आलं की मग पॅसिव्हेशन. फेनिथाइलअमोनियम आयोडाइडचा पातळ थर पेरोव्हस्काइट आणि स्पायरोच्या मध्ये देऊन २०१९ मध्ये २३.३ टक्क्यांचा प्रमाणित सेल झाला होता, तो उपाय खरा आहे. पण तो आधीच चांगल्या असलेल्या फिल्मवर काम करतो. भोकं असलेल्या फिल्मवर तो फक्त आणखी एक बदलती गोष्ट वाढवतो.

करंट पडलाय

हे कमी वेळा घडतं आणि लवकर उलगडतं. क्वांटम एफिशिअन्सीचा आलेख ६०० ते ७८० नॅनोमीटरमध्ये झुकला असेल तर फिल्म पातळ आहे. सुमारे ५०० नॅनोमीटर जाडी हवी, द्रावणाची तीव्रता किंवा गती तपासा. फक्त ४५० च्या खाली झुकला असेल तर समोरच्या बाजूचा थर जाड किंवा खराब. सगळीकडे सारखाच खाली असेल आणि जे-व्हीशी जुळत नसेल, तर वर मोजमापाबद्दल लिहिलंय तिकडे परत जा. लेड आयोडाइड पूर्ण विरघळलं नव्हतं आणि फिल्टरमध्येच अडकलं, असंही होतं: द्रावण ६०-७० अंशांवर तापवून पूर्ण स्वच्छ झाल्यावरच ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून काढा. हातमोजे घाला, लेड तर आहेच, शिवाय डीएमएफ त्वचेतून आत जातं.

उलट्या रचनेवर असाल तर

वरचं बहुतेक सगळं पी-आय-एन रचनेलाही (जिथे होल नेणारा थर खाली आणि इलेक्ट्रॉन नेणारा वर असतो) लागू आहे, फक्त स्पायरोची कटकट नाही, आणि एवढ्यासाठीच दमट प्रदेशातल्या प्रयोगशाळांनी तिकडे वळावं असं मला वाटतं. तिथे एस-आकार दिसला तर सी-६० (इलेक्ट्रॉन नेणारा थर) वरचा बीसीपीचा थर तपासा. तो काही नॅनोमीटरचाच असतो, राहून गेला किंवा जाड झाला की वक्र वाकतो. पीटीएए किंवा एमई-४पीएसीझेड (दोन्ही होल नेणारे खालचे थर) वर द्रावण पसरतच नसेल आणि गोळा होत असेल तर तो पृष्ठभाग द्रावणाला धरत नसल्याचा (वेटिंगचा) प्रश्न आहे, हवेतल्या आर्द्रतेचा नाही.

दुसऱ्या दिवशी घसरण

काल १७, आज १३. चांदीचा इलेक्ट्रोड असेल तर त्याच्या कडा काळपट-पिवळ्या झाल्यात का बघा. आयोडाइड चांदीपर्यंत पोहोचून सिल्व्हर आयोडाइड बनवतं. सोनं जास्त टिकतं, पण सेल ७० अंशांच्या आसपास तापला तर तेही स्पायरोतून खाली सरकतं, म्हणून सिम्युलेटरखाली पंख्याशिवाय तासन् तास ठेवू नका. ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची १००० तासांची चाचणी ही एन्कॅप्सुलेशन (सेल सीलबंद करणं) झाल्यानंतरची गोष्ट आहे, उघड्या सेलला तिच्यात घालून काही शिकायला मिळत नाही. व्होल्टेज आणि करंट कालच्याइतकेच असून फक्त फिल फॅक्टर उतरला असेल, तर सेल टाकून देण्याआधी पिनने ओरखडलेली सोन्याची पट्टी आणि आयटीओचा संपर्काचा कोपरा पुसून, नवी पेस्ट लावून एकदा पुन्हा मोजा.